भिंतीवरच्या हरितेचं पान

गणपतीला आपण एकवीस प्रकारची पत्री वाहतो. शमी, आघाडा, मारवा, रुई सगळं त्यात आहे. आज मी ज्या पानाबद्दल बोलणार आहे, ते मात्र त्यात नाही. ते आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर आहे.

पावसाळ्यात सुरतेत भिंत हिरवी झाली की आपण सरसकट ‘शेवाळ’ म्हणतो, शेजारचे गुजराती ‘लील’ म्हणतात. माझी नोकरी सरकारी इमारतींच्या देखभालीची. त्यामुळे ते खरवडून काढणं एवढाच आमचा त्याच्याशी संबंध! पण त्यातला जो भाग मखमलीसारखा दिसतो, ते शेवाळ नव्हे. ती हरिता, म्हणजे मॉस. अकरावीला सायन्स घेतलेल्यांना ‘फ्युनारिया’चं चित्र आठवत असेल, तीच मंडळी. भिंग लावलं की मखमलीतला एकेक तुरा सुटा दिसतो. काही मिलिमीटरचं रोप, मधे बारीक खोड, भोवती पानं.

हे पान बहुतेक ठिकाणी एका पेशीइतकंच जाड असतं. उत्तरायणातल्या पतंगाचा कागदही त्यापुढे जाड. फक्त मधल्या शिरेत पेशींचे थर असतात. खोडाच्या टोकाला एकच पेशी असते, ती विभागत राहते आणि प्रत्येक पानाची सुरुवातही एकाच पेशीपासून होते. ती पेशी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे नवी पेशी टाकत जाते आणि पान आकाराला येतं. हा हिशोब ठेवतात जनुकं.

खरी गंमत पुढे आहे. आंब्याच्या पानात, तुमच्या-माझ्या शरीरात बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. हरितेच्या हिरव्या रोपात प्रत एकच. म्हणजे एक जनुक बिघडलं की झाकायला दुसरं नाही, पानात लगेच दिसतं. आपल्यात बिघाड लपतो. दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात आणि तिकडे नंदुरबारकडे सिकलसेल आहे. थॅलेसेमियाही आपल्या शहराला नवा नाही. नवरा-बायको दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असली, तरी दोघंही एरवी ठणठणीत असतात. पण प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक. पत्रिका जुळवताना रक्ताची ही साधी तपासणी आपल्या घरांत अजून किती जण करतात, हे मी विचारत नाही, पण विचारायला हवं. केंद्र सरकारने 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, ती उगीच नाही.

तर, ही एकच प्रत असल्यामुळे शास्त्रज्ञांनी हरितेला जवळ केलं. 1962 मध्ये इंग्लंडमधल्या ग्रॅन्सडेन वूड या रानातून व्हाइटहाउस नावाच्या अभ्यासकांनी एक हरिता गोळा केली. फ्युनारियाच्याच कुळातली, नाव फिस्कोमिट्रेला. तिच्या एका बीजाणूपासून वाढवलेला वंश आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. स्वित्झर्लंडमध्ये 1997 साली दाखवून दिलं गेलं की हिच्यात नेमकं हवं ते जनुक काढून टाकता येतं. 2008 मध्ये तिचा सगळा जनुकसंच वाचून झाला. गुणसूत्रं 27, जोड्या नव्हेत.

मग एकेक जनुक काढून काय होतं, ते पाहणं सुरू झालं. जपानमध्ये एका गटातली चार जनुकं काढली, तर रोप हिरव्या तंतूंपुढे गेलंच नाही. ना खोड, ना पान. दुसऱ्या एका गटातली काही जनुकं काढली, तर पानाची मधली शीर नीट घडेना आणि पाणी कमी पडताच रोप कोमेजू लागलं. हा दुसरा गट मोठ्या झाडांत काय करतो? पाणी वर नेणाऱ्या नळ्या घडवतो! मला हे फार आवडलं. पान दोघांकडे वेगवेगळ्या वाटेने आलं, पण प्लंबर एकाच घराण्यातला.

सगळंच जुळत नाही. फुलझाडांत पानाच्या घडणीशी संबंध असलेलं ‘नॉक्स’ नावाचं एक घराणं आहे. हरितेत त्याच्या एका शाखेचं काम पानात नाही. ते चालतं रोपाच्या डोक्यावर उगवणाऱ्या, बीजाणूंची कुपी धरणाऱ्या दांडीत, आणि त्या दांडीला पानंच नसतात.

आता आमच्या खरवडण्याबद्दल. हरितेचं पान तोडून ओल्यावर ठेवलं, तर कापल्या कडेच्या पेशी पुन्हा विभागू लागतात, त्यांतून तंतू आणि तंतूंतून नवं रोप येतं. 2019 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी यामागचं एक जनुक दाखवलं, ‘स्टेमिन’. ते चालू केलं की न कापलेल्या पानातल्या पेशीही नव्याने सुरुवात करतात. तेव्हा पत्र्याने भिंत खरवडलीत आणि कचरा खालच्या ओल्या कोपऱ्यात तसाच टाकलात, तर पुढच्या महिन्यात तिथेही मखमल दिसेल. ओल कुठून येते ते आधी शोधा. आणि खरवडण्यापूर्वी मुलांच्या हातात एक भिंग द्या.