मिश्री, दारू आणि पोटातले मूल



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई-भत्ता आणि संप ह्यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही बोलणार आहोत ते अशा एका जिवाविषयी, की ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, ज्याला वर्गणी भरता येत नाही आणि घोषणाही देता येत नाही. तो जीव म्हणजे कष्टकरी बाईच्या पोटातले मूल. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि आमच्या प्रश्नांना न कंटाळणाऱ्या डॉक्टर मित्रांच्या संगतीत झाले. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, जे समजून घेतले ते आमच्या भाषेत सांगतो.

आई आणि मूल ह्यांच्यामध्ये वार असते. ही वार म्हणजे एक भक्कम भिंत आहे, आईच्या अंगातले वाईट ते अलीकडे अडते आणि चांगले तेवढे मुलाकडे जाते, असा समज पुष्कळ काळ शिकलेल्या लोकांतही होता. तो थॅलिडोमाइड ह्या औषधाने मोडला. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी दिलेल्या ह्या गोळ्यांमुळे युरोपात हजारो मुले आखूड हातापायांची जन्मली, आणि १९६१ च्या नोव्हेंबरअखेर पश्चिम जर्मनीत ते औषध बाजारातून काढून घ्यावे लागले. वार भिंत नाही. ती जकातनाका आहे, आणि ह्या नाक्यावरून दारू, तंबाखूतले निकोटिन आणि अफू ही तिन्ही बिनतक्रार पार होतात.

आता मेंदूकडे वळू. गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात ती नळी मिटलेली असते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात, बाईला अजून शंकाच असते, सासूला सांगू की नको असा विचार चाललेला असतो, आणि तिकडे पायाचे काम उरकलेलेही असते. त्यानंतर मज्जापेशी भराभर निपजतात आणि एका जागी जन्मून दुसऱ्या जागी चालत जातात. मोठ्या मेंदूतल्या बहुतेक पेशी जन्मापूर्वीच तयार होतात. शेवटच्या दोन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. ३५ व्या आठवड्यात त्याचे वजन पूर्ण दिवसांच्या मुलाच्या मेंदूच्या दोन-तृतीयांशच असते. मूल पाच आठवडे आधी जन्मले, तर मेंदूची केवढी बांधणी बाहेर येऊन, थंडीवाऱ्यात करावी लागते, ह्याचा अंदाज ह्यावरून यावा.

दारू प्रथम घेऊ. आईने घेतलेली दारू थोड्याच वेळात मुलाच्या रक्तात उतरते. मुलाचे यकृत कच्चे असते, त्याला ती पचविता येत नाही. ज्या पाण्यात ते तरंगते त्या पाण्यातही ती साचून राहते. चालत निघालेल्या मज्जापेशी वाटेतच मरतात किंवा भलत्या जागी थांबतात. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल कधी अपुरा राहतो. फ्रान्समध्ये नान्त येथे लमॉयन ह्या डॉक्टराने १९६८ साली दारुड्या घरांतल्या १२७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९७३ साली अमेरिकेतील सिएटल येथे जोन्स आणि स्मिथ ह्या डॉक्टरांनी ह्या विकाराला नाव दिले, तेव्हा कोठे जग जागे झाले. अशा मुलांचे डोळे बारीक, वरचा ओठ पातळ आणि नाकाखालची पन्हळ सपाट असते. परंतु चेहऱ्यावर काहीच खूण नसलेली मुले त्यांच्याहून अधिक असतात. त्यांना हिशेब जमत नाही, काल शिकलेले आज आठवत नाही, रागाला लगाम राहात नाही. मास्तर त्यांना आळशी म्हणतात आणि बाप द्वाड म्हणतो. ही उणीव जन्मभराची असते. गरोदरपणी इतकी दारू चालेल असे सुरक्षित माप कोणालाही सापडलेले नाही. म्हणून माप शून्य धरावे. अंगदुखी उतरावी म्हणून घोट घेणारी मजूर बाई असो की पाहुण्यांच्या आग्रहाने पेला उचलणारी बंगल्यातली बाई असो, मुलाच्या मेंदूला देशी-विलायती हा भेद कळत नाही.

आपल्याकडे मात्र अधिक मोठा प्रश्न तंबाखूचा आहे, आणि तोही धुराच्या नव्हे, मिश्रीच्या तंबाखूचा. तव्यावर काळी भाजून कुटलेली ही तंबाखू दातांना लावायची; दात बळकट होतात, पोट साफ होते, अशी तिची ख्याती. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शंभर प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे १७ जणी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळल्या. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेऊन केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्री वा तत्सम तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांची मुले सरासरीने १०५ ग्रॅम हलकी भरली, आणि त्यांच्यांत दिवस पुरे होण्याआधी बाळंत होणाऱ्या अधिक निघाल्या. धूर नाही, म्हणून धोका नाही, ही समजूत ह्या अभ्यासाने खोटी ठरविली.

ह्याचे कारण असे. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी काही द्रव्ये असतात, आणि तो निरोप घेणारी कुलपे पेशींवर असतात. निकोटिन ही त्यांपैकी एका कुलपाला लागणारी खोटी किल्ली होय. गर्भाच्या मेंदूत ही कुलपे फार लवकर बसतात आणि कोणत्या पेशीने कधी वाढायचे, कधी थांबायचे हे त्यांच्याद्वारे ठरते. भलत्या वेळी खोटी किल्ली फिरली की घडणीचा क्रम बिघडतो. जनावरांवरील प्रयोगांत हे वारंवार दिसले आहे. त्याशिवाय निकोटिनाने रक्तवाहिन्या आवळतात आणि मुलाकडे जाणारे रक्त कमी होते. नवऱ्याच्या बिडीच्या धुराचा वाटाही त्यात मिळतोच. बिडी वळणाऱ्या भगिनींचे दुःख तर आणखी वेगळे. तंबाखू तोंडात न घालणाऱ्या बिडी कामगारांच्या लघवीतही निकोटिनाचा अंश उतरलेला आढळला आहे. सुपात तंबाखू घेऊन दहा-बारा तास बसावे लागले, म्हणजे ती हातांवाटे आणि श्वासावाटे आत जाते.

येथे सभेत एक आजीबाई हमखास उठून म्हणतात, "आम्ही जन्मभर मिश्री लावली, आमची पाच पोरे धडधाकट आहेत!" ह्या प्रश्नाची थट्टा करू नये, तो अनुभवाचा प्रश्न आहे. उत्तर असे, की फाटकातून धावत रूळ ओलांडणारा प्रत्येक माणूस गाडीखाली सापडत नाही, म्हणून रूळ ओलांडणे निर्धोक ठरत नाही. आणि दुसरे असे, की १०५ ग्रॅमची तूट डोळ्यांना दिसत नाही. मूल चालते, बोलते, हसते. परंतु ज्याच्या वाट्याला आधीच अपुरे दूध, दमट खोली आणि गर्दीची शाळा येणार, त्याला जन्माआधीच थोडे मागे ढकलणे परवडणारे आहे काय?

एवढे सगळे आम्ही एकदा बिडी कामगार भगिनींच्या बैठकीत सांगितले. सांगून झाल्यावर सात महिन्यांची गरोदर असलेली एक बाई शांतपणे म्हणाली, "दादा, मिश्री लावली की भूक मरते. मिश्री सोडते मी. पण मग जी भूक लागेल, तिला काय घालू?"

मंडळी, आमच्या सगळ्या भाषणाचे वजन त्या एका प्रश्नापुढे उणे भरले. त्या बैठकीतच ठरले, की बिड्या मोजून देण्याच्या जागी गरोदर बायकांसाठी शेंगदाणे आणि गूळ ठेवायचा, आणि त्याची वर्गणी बाकीच्यांनी भरायची. कित्येकींनी मिश्री सोडली, काहींनी कमी केली, काहींना जमले नाही. ज्यांना जमले नाही त्यांनाही गूळ मिळाला, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण आईला गुन्हेगार ठरविण्याचा मोह ह्या विषयात फार आहे, आणि त्याची फळे इतिहासात दिसतात.

मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉक्टर बार्न्स ह्या बाईंनी १९२२ साली नमूद केले, की ह्या स्त्रियांच्या अर्भकांपैकी शंभरातील ९८ जणांना अफू दिली जाते. बाळगोळी ती हीच! त्या आया का निर्दय होत्या? दहा तास साच्यावर उभे राहायचे, घरी मूल सांभाळायला कोणी नाही, आणि गिरणीत पाळणाघर नाही. मग मूल झोपले पाहिजे. अफू आई देत होती, परंतु तिचा हात धरून ती देवविणारा भोंगा होता.

अमेरिकेत १९८० नंतर कोकेन घेणाऱ्या गरीब, बहुतांशी कृष्णवर्णी, गरोदर स्त्रियांविरुद्ध मोठी हाकाटी झाली. चार्ल्सटन शहरात त्यांची लघवी त्यांना न विचारता तपासून पोलिसांना कळविण्यात आले. हे घटनाबाह्य आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ठरविले. दरम्यान फिलाडेल्फियात हॅलम हर्ट ह्या डॉक्टरबाईंनी १९८९ पासून २२४ मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. निम्म्या मुलांच्या आयांनी कोकेन घेतले होते, निम्म्यांच्या नाही; सगळी गरीब वस्तीतली. बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही, पण दोन्ही गट सर्वसाधारण मुलांच्या मागे होते. ह्यावरून कोकेन निरुपद्रवी आहे, असा अर्थ कोणी काढू नये; त्याने मुले अपुऱ्या दिवसांची जन्मतात. परंतु गरिबी हेही मुलाच्या मेंदूवर चालणारे विष आहे, आणि त्याच्या डबीवर धोक्याचे चित्र छापलेले नसते, हे ध्यानी घेतले पाहिजे.

मग करायचे काय? पहिले, मिश्री आणि दारू सोडायला कोणताही महिना उशिराचा नाही. मेंदू अखेरच्या दिवसापर्यंत वाढत असतो, म्हणून सोडल्या दिवसापासून लाभ आहे. दुसरे, जिला रोजच्या दारूची सवय जडली आहे तिने ती एकदम न तोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. अचानक तोडण्याने झटके येऊ शकतात. तिसरे, घरातल्या पुरुषाने बिडी बाहेर नव्हे, खिशातूनच काढून टाकावी. बायकोला उपदेश करण्याचा अधिकार त्यानंतरचा. चौथे, आशाताई आणि अंगणवाडीताई ह्यांच्याकडे बाईने खरे सांगावे असे वाटत असेल, तर खरे सांगणारीला कोणी टाकून बोलता कामा नये. लाज वाटली की बाई लपविते, आणि लपविलेल्या व्यसनावर उपाय होत नाही.

पाचवी गोष्ट आम्हां संघटनावाल्यांची. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले, तेव्हा डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १९६१ चा देशव्यापी कायदा आला, आणि २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. कायद्याची ही इमारत मोठ्या कष्टाने उभी राहिली आहे. परंतु घरी बसून ठेकेदाराच्या बिड्या वळणारी, धुणीभांडी करणारी, ऊस तोडणारी बाई त्या इमारतीच्या ओसरीवरच उभी आहे. रजा नाही, म्हणून विसावा नाही; विसावा नाही, म्हणून मिश्री. ही साखळी एका ठिकाणी तोडून भागणार नाही. आम्ही डबी हातातून घेणार असू, तर त्या हातात भाकरी आणि त्या देहाला विसावा देण्याची जबाबदारीही आमच्यावर येते.

संपात तडजोड होते, पगारवाढ दोन हप्त्यांत घेता येते, थकबाकी व्याजासह वसूल करता येते. मेंदूच्या घडणीची थकबाकी मात्र कोणत्याही न्यायाधिकरणाकडून मिळत नाही. तिचा काळ नऊ महिन्यांचा, आणि तो एकदाच येतो. आज घरी गेल्यावर आपल्या ओळखीच्या एका गरोदर बाईची विचारपूस करा. ती काय लावते हे विचारण्याआधी ती काय जेवली, हे विचारा. एवढे झाले तरी ह्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.