कानांतील शंख

थाळी वाजविली आणि मूल दचकलें, कीं त्याला ऐकूं येतें असें घरोघरीं मानलें जातें. ही परीक्षा फसवी आहे. जमिनीचा कंप व हाताची हालचाल बहिऱ्या मुलालाहि कळते. ही फसगत मुंबईंत होते तशीच जालना जिल्ह्यांतील धावडा येथेंहि होऊं शकते. तिची किंमत मात्र दोन्हीं ठिकाणीं सारखी नसते.

कानशिलाच्या हाडांत गोगलगाईच्या शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिच्यांतील सूक्ष्म केसाळ पेशी ध्वनीच्या कंपांचे विद्युत्संकेत करून ते मज्जातंतूच्या स्वाधीन करतात. या पेशी एकदां गेल्या कीं मनुष्यांत पुन्हां उगवत नाहींत. मग साधें श्रवणयंत्र आवाज कितीहि वाढवो, तो घेणारा आंत कोणी उरत नाहीं. मज्जातंतु मात्र बहुधा शाबूत असतो. त्यालाच विजेनें थेट हाक मारावयाची, ही 'कॉक्लिअर इम्प्लांट'ची युक्ति. कानामागील यंत्र ध्वनि टिपून कातडीखालील भागाकडे बिनतारी पाठवितें, आणि तेथून निघालेली बारीक तार शंखांत शिरून मज्जातंतूला चेतविते. ही तार वेटोळ्यांत घालावी कशी? ऑस्ट्रेलियाचे डॉ. ग्रॅम क्लार्क यांनीं १९७७ सालीं समुद्रकिनाऱ्यावर खऱ्या शंखांत गवताचीं पातीं सारून पाहिलीं. टोंकाशीं लवचिक व बुडाशीं ताठ असें पातें सहज आंत गेलें! पुढच्याच वर्षीं मेलबर्न येथें त्यांनीं शस्त्रक्रिया केली.

शस्त्रक्रियेचें कौतुक फार होतें. खरें काम त्यानंतरचें. जखम भरल्यावर कांहीं आठवड्यांनीं यंत्र सुरू होतें, तेव्हां येणारे आवाज मुलाला निरर्थक असतात. त्यांतून शब्द ओळखण्यास कित्येक वर्षांचें वाक्-शिक्षण लागतें, आणि जन्मतः बहिऱ्या मुलाचा मेंदू तें पहिल्या तीन-चार वर्षांतच सहज उचलतो. म्हणून आधीं तपासणी हवी. मूल झोंपलें असतांना कानांची प्राथमिक चाचणी कांहीं मिनिटांत होते. २०१३ सालीं पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनीं अंगणवाड्यांतून वर्षांत दोनदां मुलें तपासावीं अशी योजना आहे, आणि जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादींत आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेंतून गरीब मुलांस यंत्रहि मिळूं शकतें. वांद्रे येथील अली यावर जंग संस्था तें काम पाहते.

यंत्र फुकट मिळालें तरी शिक्षणासाठीं दूरच्या शहरीं खेपा घालणें, गाडीभाडें व बुडालेला रोज धावड्याच्या आईच्याच पदरीं येतात. खेपांच्या मधले दिवस तिनेंच भरून काढावयाचे: भाकरी थापतांना 'पीठ', 'तवा', 'जाळ' हे शब्द मुलाच्या कानाशीं पुन्हां पुन्हां, न ओरडतां उच्चारावयाचे, यंत्राची बॅटरी रोज पाहावयाची, आणि पावसाळ्यांत रात्रीं तें ओल शोषणाऱ्या डबींत ठेवावयाचें.