दोन गोलार्ध आणि एक अर्थ



मी आयुष्यभर मराठी शिकविली. मेंदूशास्त्र हे माझे क्षेत्र नव्हे. तरीही ‘हा डाव्या मेंदूचा, त्याला गणित द्या, ही उजव्या मेंदूची, तिला चित्रकला द्या’ असे पालक बोलू लागतात, तेव्हा भाषेच्या अध्यापकालाही त्याचा विचार करावा लागतो.

या समजुतीमागे खरे शोध आहेत. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका याने १८६१ मध्ये वाचा गमावलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या बाजूस झालेली इजा दाखवून दिली. पुढे अमेरिकेत रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझॅनिगा यांनी, अपस्मारावरील उपाय म्हणून ज्यांच्या दोन गोलार्धांना जोडणारा तंतूंचा पट्टा छेदला होता, अशा रुग्णांचा अभ्यास केला. केवळ उजव्या गोलार्धास दिसेल असे चित्र दाखविले, की रुग्ण म्हणे, ‘काहीच दिसले नाही’. आणि त्याचाच डावा हात पडद्याआड चाचपून नेमकी ती वस्तू उचली! या संशोधनासाठी स्पेरी यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ही कथा सेतू तुटल्यानंतरची आहे. आपल्या मेंदूत सुमारे वीस कोटी तंतूंचा तो सेतू शाबूत असतो. उशिरा आलेल्या पाहुण्यास आपण म्हणतो, ‘फारच लवकर आलात!’ येथे शब्द आणि व्याकरण बहुतेकांत प्रामुख्याने डावा गोलार्ध सांभाळतो. स्वरातली खोच ओळखण्यात उजव्याचा मोठा वाटा असतो. उजव्या बाजूस इजा झालेल्या काही रुग्णांना शब्द कळतात, उपरोध निसटतो. स्वरभेदाने अर्थ पालटतो, त्याला आपल्या साहित्यशास्त्रकारांनी ‘काकू’ म्हटले. श्रोत्याच्या मनात मात्र दोहोंचा मिळून एकच अर्थ उमटतो.

अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये १०११ व्यक्तींच्या मेंदूचे आलेख तपासले. काही कार्ये एका बाजूस अधिक आढळली. परंतु एकूण एकच गोलार्ध वरचढ असलेली माणसे आढळली नाहीत.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. दहावीच्या उंबरठ्यावर कोणाही मुलाच्या कपाळी अर्ध्या मेंदूचा शिक्का मारू नका. प्रमेय सिद्ध करणाऱ्यास नेमके वाक्य लागते आणि वृत्तात लिहिणाऱ्यास मात्रा मोजाव्या लागतात. दोन्ही दारे उघडी ठेवणे हेच शाळेचे काम आहे.