प्रेक्षकाचे पाय कोण चालवतं? इमर्सिव्ह नाटकातला प्रकाश आणि हालचाल

इअरफोन कानात आहेत ना? मग आधी एक छोटीशी गोष्ट करू. आत्ता जिथे असाल तिथे, बसमध्ये, होस्टेलवर, घरी, मान वर करून एकदा आजूबाजूला बघा. सगळ्यात आधी नजर कुठे गेली? बहुतेकांची खिडकीकडे, ट्यूबलाइटकडे नाहीतर शेजारच्याच्या स्क्रीनकडे गेली असणार. आणि तेवढ्यात कुणी हललं असेल, तर नजर तिकडे वळली असणार. झालं! आजचा अर्धा विषय तुम्हाला इथेच कळला.

नजर उजेडाकडे जाते, मग हालचालीकडे जाते. आणि माणूस उभा असेल, त्याला चालायची मोकळीक असेल, तर नजरेमागून पाय जातात. इमर्सिव्ह नाटक याच एका गोष्टीवर उभं असतं. नेहमीच्या नाटकात आपण प्रकाशाने नट दाखवतो. इथे आपण प्रकाशाने प्रेक्षक चालवतो. आणि दुसऱ्याचे पाय चालवायला घेतले, की ते पाय सांभाळायची जबाबदारीही आपलीच. हे मला फार उशिरा कळलं. ते कसं, ते सांगते.

आधी नवीन श्रोत्यांसाठी थोडक्यात. इमर्सिव्ह म्हणजे ज्यात खुर्च्या नाहीत, पडदा नाही, प्रेक्षक नाटकाच्या आत फिरतो. यातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे लंडनच्या पंचड्रंक या कंपनीचं ‘स्लीप नो मोअर’. गोष्ट मॅकबेथची, पण संवाद जवळजवळ नाहीतच. न्यूयॉर्कमध्ये ते २०११ मध्ये सुरू झालं आणि जानेवारी २०२५ पर्यंत चाललं. जुन्या गोदामांमध्ये उभं केलेलं एक हॉटेल, त्यात शंभरेक खोल्या. प्रेक्षकांनी पांढरा मुखवटा घालायचा, बोलायचं नाही, वाटेल त्या नटामागे जायचं. फेलिक्स बॅरेट यांच्यासोबत त्याचं दिग्दर्शन केलं मॅक्सिन डॉयल यांनी, आणि त्या नृत्यदिग्दर्शक आहेत. शब्द नसल्यावर गोष्ट शरीरं सांगतात, आणि कुठलं शरीर बघायचं ते दिवे सांगतात.

हे आपल्याला अगदी परकं वाटायचं कारण नाही हं. लग्नानंतर घरी गोंधळ घातलेला पाहिलाय? स्टेज नाही. अंगणात, ओसरीवर सगळे गोल बसलेले. आणि पेटलेली दिवटी गोंधळ्याच्या हातात. म्हणजे दिवा माणसाबरोबर फिरतो आणि आपली नजर दिव्याबरोबर. लाइट आणि मूव्हमेंट एकाच हातात!

आता आमची गोष्ट. आम्ही आठ जण, सगळे एकांकिका स्पर्धांमधून आलेले. पुण्यातल्या एका पेठेत एक वाडा रिडेव्हलपमेंटला जाणार होता. बहुतेक बिऱ्हाडं निघून गेली होती. पाडायच्या आधी सहा प्रयोग करायची परवानगी मिळाली. एका वेळी पंचवीस प्रेक्षक. संहिता नव्हती. वाड्यात जे सापडेल त्यातून तालमीत नाटक उभं करायचं, म्हणजे डिव्हायझिंग.

सुरुवातीला आम्ही प्रसंग रचायला बसलो आणि सगळे खोटे वाटायला लागले. मग ठरवलं, आठवडाभर बोलायचंच नाही. प्रत्येकाने एक जागा घ्यायची. दिंडी दरवाजा, चौक, माजघर, जिना, माडी. ती जागा अंगाला काय करायला लावते ते बघायचं. दार बुटकं असेल तर वाकावं लागतं. माजघरात उजेड कमी, म्हणून माणूस आपोआप हळू होतो. अमेरिकेतल्या अॅन बोगार्ट आणि टीना लँडाऊ यांची व्ह्यूपॉइंट्स नावाची पद्धत आहे, त्यात ‘आर्किटेक्चर’ हा एक स्वतंत्र मुद्दाच आहे. वास्तू तुम्हाला हलवते, आणि त्यातून हालचाल सापडते. आम्हाला ती तशीच सापडली.

मग दिवे आणले. तालमीला मित्रमैत्रिणींना प्रेक्षक म्हणून बोलवायचो आणि फक्त त्यांचे पाय बघायचो. हे जरूर करून बघा! तीन गोष्टी लक्षात आल्या.

एक. दिवा झटकन बंद केला की माणसं जागच्या जागी थिजतात. पण इथला दिवा दहा-बारा सेकंदांत हळूहळू उतरवला आणि त्याच वेळी पलीकडच्या खोलीतला चढवला, की कुणी न सांगता चालायला लागतात.

दोन. पिवळ्या उजेडाच्या, म्हणजे वॉर्म व्हाइट, २७०० केल्विनच्या बल्बजवळ आमचे प्रेक्षक अगदी खेटून उभे राहायचे. ६५०० केल्विनचा पांढरा लावला की दोन पावलं मागे थांबायचे. दोन्ही बल्ब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

तीन. नट कंदील घेऊन प्रेक्षकांकडे पाठ करून चालला, की लोक मागे येतात. तोच नट तोंड करून उभा राहिला, की लोक थांबतात. पाठ म्हणजे ‘चला’, चेहरा म्हणजे ‘थांबा’. आणि एका नटाने भागत नसेल तर रांग वापरा. ‘घाशीराम कोतवाल’ आठवा. १९७२चं नाटक, जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना. त्यात माणसांचीच भिंत आहे, ती हलते, उघडते, मिटते. आम्ही चौघांची भिंत करून आख्खा चौक बंद करायचो. एकाही प्रेक्षकाला ‘तिकडे जाऊ नका’ म्हणावं लागलं नाही.

पहिला प्रयोग मस्त झाला. आम्ही हवेत.

दुसऱ्या प्रयोगाला चौकात अजून उजेड हवा म्हणून दोन पार लाइट भाड्याने आणले. एकेक हजार वॉटचा. आता गणित बघा, शाळेतलंच आहे. हजार भागिले २३० व्होल्ट, म्हणजे एका दिव्याला चार अँपिअरहून थोडं जास्त. दोन दिव्यांचे साडेआठच्या पुढे. आणि आम्ही दोन्ही लावले वाड्याच्या जुन्या पाच अँपिअरच्या लाइनवर. साधारण अर्ध्या तासाने फ्यूज उडाला. आख्खा वाडा काळाकुट्ट.

आणि आमच्या अंगात सवय काय, तर स्पर्धेची. ब्लॅकआउट झाला की पळत जागा बदलायची! माडीवरचा आमचा नट धावत जिना उतरला. त्याच्या पावलांच्या आवाजामागून प्रेक्षक निघाले, कारण नटामागे जायचं हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं. एका मुलीचा शेवटच्या पायरीवर अंदाज चुकला. ती पडली. “पाय, माझा पाय” म्हणून ओरडायला लागली.

आणि कुणीही हललं नाही.

पंधराएक माणसं अंधारात तिच्याभोवती उभी होती. गप्प. कारण सुरुवातीला आम्हीच सांगितलं होतं, ‘बोलू नका, प्रसंगात मध्ये पडू नका.’ त्यांना वाटलं ही नटीच आहे. मी चौकातच होते. मला आवाज ओळखीचा वाटला नाही, म्हणून शंका आली. तरी तिच्यापर्यंत पोचायला किती वेळ गेला कोण जाणे. घोट्याला फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर. त्या वर्षीची तिची नृत्याची परीक्षा गेली.

वाड्यात एकच बिऱ्हाड उरलं होतं, एका काकूंचं. त्या मेणबत्ती घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अगं, ती खालची पायरी उंच आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?” कुणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. महिनाभर ‘वास्तू ऐका’ म्हणत फिरत होतो आणि त्या वास्तूत चाळीस वर्षं राहिलेल्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता.

पुढचा प्रयोग रद्द केला. त्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागितली. दवाखान्याचा खर्च आम्ही दिला. परीक्षा काही परत देता आली नाही.

मग काकूंना म्हटलं, “काकू, तुम्ही अंधारात जिना कसा उतरता ते दाखवाल का?” त्यांनी दाखवलं. डावा हात भिंतीवर, पायऱ्या मोजायच्या, शेवटच्या दोन उरल्या की आधी पाऊल टेकवून बघायचं आणि मगच भार टाकायचा. आम्ही सगळे बघतच राहिलो. उरलेल्या प्रयोगांमध्ये नाटक तिथूनच सुरू झालं. नटी पुढे, हात भिंतीवर, हळू आवाजात पायऱ्या मोजतेय, आणि मागे पंचवीस प्रेक्षकही हात भिंतीवर ठेवून उतरतायत. लोक सगळ्यात जास्त त्याच प्रसंगाबद्दल बोलले.

तुम्ही करणार असाल तर आमच्या पैशाने शिकून घ्या.

नाटकातला अंधार कधीच पूर्ण नसतो. प्रत्येक जिन्यावर, उंबऱ्यावर झिरोचा बल्ब हवा, आणि शिवाय बॅटरीवर चालणारा एक दिवा. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून पहिली जागा थोडी उजेडाची ठेवा आणि पायरीपायरीने खाली या. फोन बंद करायला सांगतो ते शिस्तीसाठी नाही. एक स्क्रीन लागली की सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून.

लोडचं गणित इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. नटांना तालमीत एकदा खराखुरा फ्यूज उडाल्यासारखा अंधार द्या आणि एकच हालचाल शिकवा, जागेवर थांबणं. सगळ्यांना माहीत असलेला एक शब्द ठरवा. आमचा होता ‘लाइट’. तो कुणीही उच्चारला, प्रेक्षकानेसुद्धा, की नाटक बंद आणि सगळे दिवे सुरू. आणि सुरुवातीची सूचना बदला. आम्ही म्हणायला लागलो, “बोलू नका. पण कुणी पडलं तर नाटक विसरा आणि हात द्या.” याने जादू कमी होते का? उलट लोक जास्त मोकळे होऊन फिरायला लागले.

वाडा आता नाही. काकू मुलाकडे राहायला गेल्या. मी अजूनही नवीन जागेत तालमीला गेले, की दिवे लावायच्या आधी तिथल्या वॉचमनला, झाडणाऱ्या मावशींना विचारते, “इथे पाय कुठे अडखळतो?” नाटक बहुतेक तिथूनच सुरू होतं.

तुमच्या कॉलेजमध्ये, गच्चीवर, पार्किंगमध्ये असं काही करत असाल तर मला नक्की कळवा. आधी जिना बघून घ्या, मग भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!