मसीहाची साक्ष कोणापुढे?



आपल्या कोल्हापुरात 1852 साली रेव्हरंड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आले. तेव्हापासून ख्रिस्ती शेजार आपल्याला नवा नाही. हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना कुराणशरीफही ‘मसीह’ म्हणते, हे आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. पण येशू हाच मसीहा, हे ख्रिस्ती लेखकांनी कोणत्या आधारावर मांडले, असे कोणी विचारले तर आपण गप्प बसतो. शेजाऱ्याचे म्हणणे त्याच्याच ग्रंथातून समजून घ्यावे, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

त्यासाठी फार लांब जायला नको. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज 1579 साली गोव्यात आला, साष्टीत राहिला आणि मराठीत सुमारे 11,000 ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ लिहून गेला. 1616 साली ते रायतूरला छापले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी खिळे नव्हते. या ग्रंथाचे दोन भाग आहेत. येशूचा जन्म येतो तो दुसऱ्या भागात. पहिला सगळा भाग सृष्टीची उत्पत्ती, जुने पैगंबर आणि त्यांनी सांगितलेली भाकिते यांतच जातो. एवढा खटाटोप कशासाठी?

मत्तयाने आपले शुभवर्तमान लिहिले ते यहुदी परंपरा जाणणाऱ्या लोकांसाठी. पैगंबरांची वचने त्यांना तोंडपाठ. अमुक गोष्ट यशयाने सांगितल्याप्रमाणे घडली, एवढे म्हटले की पुरे. साष्टीतल्या शेतकऱ्याने मात्र यशयाचे नावही ऐकलेले नव्हते. साक्षीदार कोण हेच माहीत नसेल तर त्याची साक्ष कोण मानणार? म्हणून स्टीफन्सने आधी साक्षीदारांची ओळख करून दिली. हा माणूस शिक्षक म्हणून हुशार होता, यात शंका नाही.

आता त्याच्या आधी साडेचौदाशे वर्षे मागे जाऊ. आजच्या नाब्लुस शहराच्या जागी जन्मलेल्या जस्टिनने इसवी सन 160 च्या सुमारास एक संवाद लिहिला. त्यात ट्रायफो नावाचा यहुदी त्याला अडवतो. यशयाच्या मूळ हिब्रू ग्रंथात ‘अल्मा’, म्हणजे तरुण स्त्री, असा शब्द आहे. तुमच्या ग्रीक भाषांतरात त्याची ‘कुमारी’ झाली, हा त्याचा आक्षेप. जस्टिन ग्रीक भाषांतराला धरून राहतो. उलट, यहुदी शिक्षकांनी शास्त्रातले उतारे गाळले, असा आरोप करतो. 1947 साली मृत समुद्राजवळच्या गुहेत यशयाची फार जुनी गुंडाळी सापडली. तिच्यातही ‘अल्मा’च आहे. शब्दापुरते पाहिले तर ट्रायफोचे बरोबर होते, असे मला वाटते. (हजरत मरियम यांच्या कौमार्यावरची आपली श्रद्धा या शब्दावर अवलंबून नाही, ती कुराणातून आली आहे.)

ट्रायफोचा दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. मसीहाला दुःख भोगावे लागेल हे मान्य. पण तौरात ज्या मरणाला शापित म्हणते, ते लाकडावर टांगलेले मरण त्याच्या वाट्याला का यावे? जस्टिनचे उत्तर असे की, साऱ्या मानवजातीचा शाप त्याने स्वतःवर घेतला. इथे आपली वाट वेगळी होते, ते तुम्ही जाणताच.

हा संवाद जस्टिनच्याच लेखणीतून उतरला आहे. ट्रायफोचे शब्दही त्याचेच. तरीही त्याने ट्रायफोला नकार देऊ दिला. त्या काळी ख्रिस्ती लोकांच्या हाती सत्ता नव्हती. जस्टिनला स्वतःलाच पुढे रोममध्ये मृत्युदंड झाला. गोव्यात परिस्थिती उलटी होती. 1560 साली तेथे इन्क्विझिशन आले होते, 1567 साली साष्टीतली देवळे पाडली गेली होती, लोकांच्या जुन्या पोथ्यांवर बंदी होती. क्रिस्तपुराणातले श्रोते पाद्रीला प्रश्न विचारतात खरे, पण पटले नाही म्हणून उठून जाण्याची मोकळीक त्यांना नव्हती. ओवी कितीही गोड असली तरी तिच्यातला पुरावा तोलताना ही गोष्ट हिशेबात धरावी लागते.

ट्रायफोला ती मोकळीक होती. दोन दिवस वाद घालून झाल्यावर तो जस्टिनला म्हणतो की, या भेटीचा आनंद झाला, अशी चर्चा पुन्हा व्हायला हवी. जस्टिनला समुद्रप्रवासाला निघायचे असते. ट्रायफो त्याला सुखरूप प्रवास चिंततो आणि यहुदी म्हणूनच घरी जातो.