सोमवारचा पाहुणा
(नशिराबाद येथे खानदेशातील लहान पर्यटन व्यावसायिकांच्या मेळाव्यात केलेले अध्यक्षीय भाषण)



हारतुरे झाले, आता कामाचं बोलू.

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या दिवसभर या गावावरून जातात. आत बसलेल्यांना नशिराबाद ही रस्त्यावरची एक पाटी. पण परदेशातल्या काही घरांत हे नाव हात जोडून घेतलं जातं, ते इथल्या संत झिप्रूअण्णा महाराजांमुळे. सिद्धयोगाचे गुरू स्वामी मुक्तानंद त्यांच्या दर्शनाला इथे येत. पुढे ‘चित्शक्तिविलास’मध्ये त्यांनी झिप्रूअण्णांविषयी लिहिलं, त्या पुस्तकाची भाषांतरं झाली आणि नशिराबाद सातासमुद्रापार पोहोचलं. अण्णांनी काही आपली जाहिरात केली नव्हती. जवळच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंचंही तसंच. त्यांची गाणी मुलानं, सोपानदेवांनी जपली आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 1952 साली पुस्तक निघालं, तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. दोघांनाही जगापुढे नेलं ते दुसऱ्यांनी.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. फोनवर स्वतःला दाखवणं थोडं कमी करा आणि शेजाऱ्याला दाखवा.

हे परोपकार म्हणून सांगत नाही, यात धंदा आहे. पुण्या-मुंबईचा माणूस एका ढाब्यासाठी किंवा एका खोलीसाठी घर सोडत नाही. तो अजिंठ्यासाठी निघतो. जळगाव स्टेशनवर उतरतो, साठेक किलोमीटर जातो, लेणी बघतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत फिरतो. आपल्या पदरात पडतं गाडीभाडं आणि दोन कप चहा. तोच माणूस एक रात्र राहिला तर खोलीवाला, जेवणवाला, गाडीवाला, केळीचे वेफर्स विकणारा, सगळ्यांचं भागतं. पण त्याला थांबवणं एकट्याच्या रीलनं होत नाही. त्याला दिवसभराचा बेत लागतो, आणि तो बेत चार जणांनी मिळूनच दाखवता येतो.

एक उदाहरण घ्या. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. स्थानिकांना हे पाठ आहे, पण तिकीट काढणाऱ्याच्या ते ध्यानात राहतंच असं नाही. सोमवारी सकाळी कुटुंब घेऊन उतरतो, स्टेशनबाहेर रिक्षावाला सांगतो, “आज बंद आहे भाऊ.” बायको त्याच्याकडे बघते, पोरं कुरकुरतात. हा सोमवारचा पाहुणा आपला आहे! रविवारी संध्याकाळी आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामवर एकच मजकूर असावा: उद्या अजिंठा बंद. सकाळी पद्मालयाचा गणपती, दुपारी शेतात भरीत-भाकरी, संध्याकाळी चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम. गाडीचा नंबर हा, दर इतका. सणाच्या शुभेच्छांवर स्वतःचा फोटो डकवण्यापेक्षा या चार ओळी पाहुण्याच्या जास्त कामाच्या आहेत.

आता दाखवायचं काय? आपण सगळेच लिहितो, “अस्सल खानदेशी चव”. सगळेच लिहितात, म्हणून कोणी वाचत नाही. त्याऐवजी वांगी भाजताना दाखवा. काड्यांचा जाळ, काळी पडलेली साल, ती सोलताना पोळलेली बोटं पाण्यात बुडवणारी काकू, मग हिरव्या मिरचीबरोबर लाकडी भांड्यात ठेचल्याचा आवाज. वीस सेकंद पुरे. वर उसनं गाणं लावू नका, तो ठेचण्याचा आवाजच लोकांना बोलावतो. खाली लिहा: ताटाचा दर, किती आधी कळवायचं, हंगाम कोणता. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला भौगोलिक मानांकन आहे, हे आपल्यापैकी कितीजण पाहुण्याला सांगतात?

बोलताना पुस्तकी होऊ नका. अहिराणी असो की लेवा गणबोली, जी घरात येते तीच बोला. अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा बघितली गेली, आणि एक शब्द न कळणारेही वरातीत त्यांवर नाचतात. शिवाय पोटापाण्यासाठी सुरतेला गेलेला खानदेशी माणूस आपलं बोलणं ऐकल्यावर थबकतो. दिवाळीला, आखाजीला तो गावी येतोच. येताना दोन गुजराती मित्र घेऊन आला, तर तेवढी जाहिरात आपल्याला फुकट पडते.

आणि खोटं दाखवू नका. मनुदेवीचा धबधबा पावसाळ्याचा. त्याचा श्रावणातला फोटो एप्रिलमध्ये टाकलात, तर कोरडा कडा बघणारा माणूस तिथेच उभा राहून गूगलवर एक तारा देतो. उन्हाळ्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेही सांगा. आणि पाहुण्यांना दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत बोलवा. वाईट अभिप्राय आला तर भांडू नका. काय दुरुस्त केलं ते दोन ओळींत लिहा, कारण ते उत्तर पुढचा पाहुणा वाचत असतो. पाहुण्यांचे, विशेषतः बायका-मुलांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. नकाशावर आपली खूण बरोबर जागी आहे का, ते स्वतः गाडीवर बसून तपासा. शेतात पाहुणे ठेवणाऱ्यांसाठी राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 सालीच आलं आहे. त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून घ्या आणि ती आपल्या पानावर लिहा. परक्या गावात रात्र काढणाऱ्या कुटुंबाला त्यानं धीर येतो.

पैसे भरून जाहिरात जास्त लोकांपर्यंत पोहोचवण्याची सोय आहे, ती गरज पडेल तेव्हा वापरा. पण आधी फोन उचला. ज्याचा फोन लागत नाही, त्याचं रील लाखभर लोकांनी बघितलं तरी ताट एकही लागत नाही.

शेवटी एक विनंती. इथून उठण्याआधी शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याचा नंबर घ्या, त्याचे दर विचारा, जमलं तर त्याच्याकडे जेवून बघा. आणि येत्या रविवारी संध्याकाळी तुमच्या स्टेटसवर तुमच्या आधी त्याचं नाव टाका.