आकाशाचीं छायाचित्रें आणि मापांचा मेळ

घरांत तूप तोलून घ्यावयाचें असलें म्हणजे जाणती गृहिणी रिकाम्या भांड्याचें वजन आधीं करून ठेवते. मागाहून तुपासह भांडें तोललें कीं पहिलें वजन वजा घालावयाचें. उरेल तें तूप. आकाशाचें छायाचित्र घेणाऱ्यालाही हाच हिशेब करावा लागतो. फरक इतकाच कीं, त्याचीं भांडीं एक-दोन नसून लक्षावधी असतात, आणि एखादे दिवशीं असें होतें कीं दोन्ही वेळच्या भांड्यांची संख्याच जुळत नाहीं. अमावास्येच्या रात्रीं शहरापासून दूर जाऊन, थंडींत कुडकुडत घेतलेलीं चित्रें संगणकापुढें ठेवावीं, तर तो कोरडेपणानें सांगतो कीं, चित्रांचीं मापें भिन्न आहेत, वजाबाकी होणार नाहीं. रात्रभराची मेहनत तेथेंच अडून बसते.

ही अडचण समजण्यास कॅमेऱ्याच्या अंतरंगांत थोडें डोकावलें पाहिजे. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं सीसीडी नांवाची युक्ति शोधून काढली. तिच्याबद्दल त्यांना २००९ सालीं भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आजच्या हौशी निरीक्षकांच्या कॅमेऱ्यांत बहुधा तिची धाकटी बहीण सीमॉस असते. दोहोंतही एका लहानशा चकतीवर सूक्ष्म खणांच्या ओळी आखलेल्या असतात. या खणांस पिक्सेल म्हणतात. प्रकाश पडला कीं खणांत विद्युत्कण सांचतात. परंतु झांकण लावून ठेवलें तरी उष्णतेमुळें कांहीं कण सांचतातच, आणि कित्येक खण तर स्वभावतःच तापट असतात. म्हणून झांकण लावून, तितकाच वेळ व तितक्याच तपमानांत एक काळें चित्र घ्यावयाचें; तें डार्क. अत्यंत अल्प वेळाचें, केवळ यंत्राचा मूळ आकडा दाखविणारें, तें बायस. आणि सारख्या उजळलेल्या पृष्ठभागाचें घेतात तें फ्लॅट. कंदिलाच्या कांचेवर काजळी कोठें धरली आहे हें जसें उजेडांत दिसतें, तसे धुळीचे ठिपके व कडांचा अंधार फ्लॅटमध्यें दिसतात. डार्क व बायस वजा घालावयाचीं, फ्लॅटनें भागावयाचें.

हें सर्व गणित खणाखणाचें आहे. हजाराव्या स्तंभांतील पांचशेव्या खणाचा दोष त्याच खणांतून वजा झाला पाहिजे, शेजारच्यांतून नव्हे. तेव्हां मापें न जुळल्यास संगणक अडून बसतो, हा त्याचा हट्ट वस्तुतः उपकारकच होय. याउलट, डार्क ताणून किंवा आकसून मापास बसविण्याचा मोह मात्र कटाक्षानें टाळावा. ताणलेल्या चित्रांत एका तापट खणाचा आकडा चार शेजाऱ्यांत वांटला जातो. मग खरा दोषी अर्धवट सुटतो आणि निरपराध्यांच्या जागीं काळे खड्डे पडतात.

मग करावें काय? आधीं दोन्ही चित्रांचीं मापें कागदावर लिहावीं. खगोलचित्रें ज्या फिट्स नांवाच्या स्वरूपांत सांठवितात, त्याच्या आरंभींच ऐंशी ऐंशी अक्षरांच्या ओळींत सारी कुंडली मांडलेली असते. नॅक्सिस १ म्हणजे रुंदी, नॅक्सिस २ म्हणजे उंची. कित्येक प्रणाली त्याखालीं एक्सबिनिंग हा आकडा व चित्राचा कोपरा कोठून धरला तेंही नोंदवितात. पुष्कळ लोक ही कुंडली कधींच वाचीत नाहींत, आणि दिवसचे दिवस तारा व ड्रायव्हर बदलण्यांत घालवितात.

आंकडे समोर आले कीं निम्मा उलगडा होतो. एक माप दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट असेल, तर तें बिनिंगचें काम समजावें: चार खण मिळून एक मानण्याची सोय एका रात्रीं चालू होती व दुसऱ्या रात्रीं नव्हती. रुंदी-उंचीची अदलाबदल दिसली, म्हणजे ४२७२ × २८४८ च्या जागीं २८४८ × ४२७२, तर साध्या छायाचित्रणाच्या कॅमेऱ्याची आपण होऊन चित्र उभें करण्याची खोड आठवावी. असा कॅमेरा दुर्बिणीस जोडून आकाशाकडे वळविला म्हणजे उभें कोणतें व आडवें कोणतें याविषयीं त्याचा गोंधळ होतो. ही सोय बंद करून ठेवणें बरें. आणि माप भलतेंच, कांहीं प्रमाण न सांपडणारें असलें, तर बहुधा ग्रहाचें किंवा केंद्रसाधनेचें चित्र घेतांना लावलेली लहान चौकट काढावयाची राहिली आहे.

खरी गंमत आहे ती थोडक्या फरकांत. सोनी कंपनीची आयएमएक्स ५७१ ही चकती अनेक कॅमेऱ्यांत बसविलेली आढळते. झेडडब्ल्यूओच्या एएसआय २६०० या कॅमेऱ्यांतून तिचें चित्र ६२४८ × ४१७६ असें येतें. क्यूएचवायच्या २६८ मधून तें ६२८० × ४२१० असेंही येऊं शकतें. चकती एकच, मग हे ३२ स्तंभ व ३४ ओळी आल्या कोठून? चकतीच्या कडेला कांहीं खण मुद्दाम झांकून ठेवलेले असतात, शिवाय शेवटचा खण वाचून झाल्यावरही यंत्र थोडें पुढें वाचीत राहतें. या जादा पट्टीस ओव्हरस्कॅन म्हणतात. तींत आकाश नसतें; यंत्राचा शून्याचा आकडा त्या रात्रीं कोठें होता हें ती सांगते. ही पट्टी ठेवावी कीं कापावी, हें ठरविण्याची एक लहानशी खूण ड्रायव्हरमध्यें असते. डार्क घेतांना ती खूण एक असली व तारे टिपतांना दुसरी असली कीं तंटा सुरू झाला.

मोठ्या वेधशाळांतही हा भेद असतो, परंतु तेथें त्याला शिस्त आहे. हबल दुर्बिणीवर २००२ सालीं बसविलेल्या एसीएस कॅमेऱ्याच्या विस्तृत क्षेत्राच्या भागांत दोन चकत्या आहेत. प्रत्येकीचे कामाचे खण ४०९६ × २०४८. परंतु कच्चें चित्र ४१४४ × २०६८ भरतें. दोन्ही बाजूंस चोवीस-चोवीस स्तंभ व वर वीस ओळी जादा. तेथें बायस पुऱ्या मापाचें ठेवतात, तें वजा घालतात, मग जादा पट्टीवरून शून्य ठरवून ती कापतात आणि त्यानंतरच कापलेल्या मापाचें डार्क लावतात. दोन मापें एका घरांत सुखानें नांदतात, कारण कोणी केव्हां पुढें यावयाचें हें ठरलेलें आहे.

साध्या कॅमेऱ्यांच्या कच्च्या फायलींतही अशीच झांकलेली किनार असते. ती किती कापावयाची याविषयीं निरनिराळ्या प्रणालींचें एकमत नाहीं. त्यामुळें दोन वर्षांपूर्वीं एका प्रणालींत तयार केलेलें सरासरी डार्क आज दुसरींत उघडलेल्या चित्राशीं जुळत नाहीं. उपाय सरळ आहे: सर्व मूळ फायली एकाच प्रणालींतून पुन्हा उघडाव्या. मूळ डार्क जागा अडवितात म्हणून पुसून टाकणाऱ्यांस येथें पश्चात्ताप होतो.

कापून जुळवावयाचेंच असेल तर कोणती बाजू किती कापावी, हें तापट खणच सांगतात. एकाद्या डार्कमधील ठळक चार-पांच ठिपक्यांचे स्तंभ व ओळ टिपून घ्यावे आणि तेच ठिपके संस्कार न केलेल्या तारकाचित्रांत शोधावे. तारे एका चित्रांतून दुसऱ्यांत थोडे सरकतात. तापट खण जागचे हलत नाहींत. प्रत्येक ठिपक्याच्या जागेंत समजा बारा स्तंभ व आठ ओळींचा सारखाच फरक आला, तर कातरी कोठें लावावयाची तें कळलें. रंगीत कॅमेऱ्याच्या बाबतींत मात्र एक पथ्य आहे. त्याच्या खणांवर लाल, हिरवें, हिरवें, निळें अशी दोन-बाय-दोनची नक्षी असते. वरून किंवा डावीकडून विषम संख्येनें कापल्यास नक्षीचा आरंभ बदलतो, आणि मग तेजोमेघ भलत्याच रंगांत न्हाऊन निघतात.

ठिपक्यांची ही परीक्षा मापें जुळत असतांही करून पाहावी. कोणी प्रणाली ओळी वरून खालीं लिहिते, कोणी खालून वर. रुंदी-उंची तीच राहते, संगणक हूं कीं चूं करीत नाहीं, आणि डार्क उलटें लागतें. परिणामीं पांढरे ठिपके जागच्या जागीं राहून त्यांच्या जोडीला काळे उत्पन्न होतात. उघड तक्रारीपेक्षां ही मुकी चूक अधिक नुकसान करते.

शीत कॅमेऱ्याचें डार्क पुन्हा घेतां येतें. पावसाळ्यांत आकाश बंद असतां घरांतल्या घरांत, तेंच तपमान व तोच वेळ ठेवून नवा संच करण्यास कोण अडवितो? फ्लॅटचें तसें नाहीं. कॅमेरा एकदां दुर्बिणीवरून उतरविला कीं धुळीचा तो कण त्या जागीं परत येत नाहीं. तारकाचित्रें पुऱ्या मापाचीं आणि फ्लॅट मात्र बिनिंग करून घेतलेले, असें घरीं पोंचल्यावर ध्यानांत आलें, तर फ्लॅट मोठे करूं नयेत. तारकाचित्रांतून त्यांचेंच पुऱ्या मापाचें डार्क आधीं वजा घालावें, मग तीं संगणकावर दोन-बाय-दोननें एकत्र करावीं, आणि बिनिंगच्याच बायसनें शुद्ध केलेल्या फ्लॅटनें भागावीं. ६२४८ × ४१७६ चें चित्र ३१२४ × २०८८ होईल, दोन कोटी साठ लक्ष खणांतून पासष्ट लक्ष उरतील. परंतु धुळीचीं वलयें जातील, आणि हवा अस्थिर असलेल्या रात्रीं ताऱ्यांचे ठिपके मुळांतच कित्येक खणांवर पसरलेले असल्यामुळें त्या चित्राचें फारसें कांहीं बिघडणार नाहीं.